नवी सरकारी नोकरी, इंदूर: आचरण नियमांचं पहिलं वर्ष कसं काढायचं

ओळखीपाळखीतली मुलं-मुली एमपीपीएससी (मध्य प्रदेश लोकसेवा आयोग) किंवा कर्मचारी चयन मंडळाची परीक्षा पास होऊन रुजू व्हायला निघाली की माझ्याकडे येऊन जातात. पगार कधी सुरू होईल, पहिली बदली कुठे होईल, रजा किती, सगळं विचारतात. आचरण नियमांचा विषय मीच काढते. त्यावर ठरलेलं उत्तर येतं: "मावशी, मी काही पैसे खाणार नाही, मग मला कसली भीती?"

स्थापना शाखेत, म्हणजे कर्मचाऱ्यांच्या सेवेचे कागद सांभाळणाऱ्या शाखेत, नोकरी काढली असल्यामुळे विभागीय चौकशीच्या भरपूर फायली हाताखालून गेल्या. त्यांत सराईत लाचखोर थोडेच. बाकीच्यांत कुणी न कळवता प्लॉट घेतलेला, कुणी साहेबांच्या तोंडी सांगण्यावर सही ठोकलेली, कुणी ज्याचं प्रकरण टेबलावर आहे त्याच्याच गाडीतून सहकुटुंब ओंकारेश्वरला जाऊन आलेलं. माणूस आधी मिंधा होतो आणि पैशाची गोष्ट पुष्कळदा त्यानंतर निघते. म्हणून हा लेख मुख्यतः मिंधेपण कुठून कुठून शिरतं आणि त्याआधी कागद कसा करून ठेवायचा याबद्दल आहे.

१. आपल्याला कोणते नियम लागू आहेत ते आधी बघा

मध्य प्रदेश शासनाची नोकरी असेल तर मध्य प्रदेश सिविल सेवा (आचरण) नियम, 1965. आयकर, टपाल किंवा आरआरकॅटसारख्या (इंदूरचं अणुऊर्जा खात्याचं संशोधन केंद्र) केंद्राच्या नोकरीत असाल तर केंद्रीय सिविल सेवा (आचरण) नियम, 1964. रेल्वेचे स्वतःचे नियम 1966 चे आहेत, आयएएस-आयपीएसचे 1968 चे. बँका, विद्यापीठं, वीज कंपन्या, महापालिका यांचे आपापले सेवानियम असतात. गाभा बहुतेक सारखाच असतो, मर्यादेचे आकडे आणि परवानगी देणारा अधिकारी मात्र बदलतो. भोपाळच्या मावसभावाने सांगितलेला आकडा त्याच्या खात्याचा असतो.

संविदेवर (कंत्राटावर) किंवा आउटसोर्सने लागलेल्यांनी एक गैरसमज काढून टाकावा. भ्रष्टाचार निवारण अधिनियम, 1988 मध्ये लोकसेवकाची व्याख्या रुंद आहे. सरकारकडून मोबदला घेऊन सार्वजनिक कर्तव्य करणारा माणूस तिच्यात येतो. "मी कुठे पर्मनंट आहे" हा बचाव तिथे चालत नाही.

परीक्षेच्या तयारीत तुम्ही नैतिकतेचा पेपर घोकला असेल: ब्रिटनच्या नोलन समितीची 1995 ची सात तत्त्वं, आपल्याकडच्या दुसऱ्या प्रशासकीय सुधारणा आयोगाचा 2007 चा चौथा अहवाल. ते वाया गेलेलं नाही. केंद्राच्या नियम 3 मध्ये ऑगस्ट 2014 मध्ये जी भर घातली, राजकीय तटस्थता, गुणवत्तेवर निर्णय, दुर्बल घटकांशी संवेदनशील वागणूक, ती त्याच विचारातून आलेली आहे. फक्त ऑफिसात हे प्रश्न पेपरातल्यासारखे येत नाहीत. ते मिठाईच्या डब्यातून येतात.

आपल्या नियमांची हिंदी प्रत घ्या आणि ती वाचा. इथली सगळी नोटशीट (फाइलमधली टिपणं), नोटीस, आरोपपत्र हिंदीत असतात. संनिष्ठा (सचोटी), कर्तव्यपरायणता, अवचार (गैरवर्तन), अचल संपत्ति (स्थावर मालमत्ता), परिवीक्षा (प्रोबेशन) हे शब्द पहिल्याच महिन्यात ओळखीचे होऊ द्या. आरोपपत्र हातात आल्यावर शब्दकोश शोधत बसणारे मी पाहिलेत.

२. रुजू होताना हे कागद तयार ठेवा

• नियुक्ती आदेश आणि रुजू अहवालाची आवक शिक्का असलेली प्रत
• सेवा पुस्तिकेच्या पहिल्या पानांची छायाप्रत (पहिली नोंद झाली की लगेच मागा, नंतर ती पुस्तिका कुठल्या कपाटात असते ते देवाला ठाऊक)
• स्वतःच्या स्थावर मालमत्तेचं विवरण, वारशाने आलेल्या हिश्श्यासकट
• चालू कर्जांचे कागद
• जवळचा नातेवाईक एखाद्या फर्ममध्ये किंवा ठेकेदाराकडे असेल आणि तिचा तुमच्या कार्यालयाशी व्यवहार असेल तर त्याची लेखी माहिती
• या सगळ्यासाठी घरी एक फाइल. मोबाइलमधला फोटो पुरत नाही.

इंदूरच्या मराठी घरांत वारशाच्या हिश्श्याचा घोळ हमखास निघतो. आजोबा नाहीतर पणजोबा होळकरांच्या काळात इकडे आले, पण वाईकडे किंवा रत्नागिरीकडे दीड-दोन एकराच्या सातबाऱ्यावर अजून बारा चुलतभावंडांबरोबर तुमचंही नाव आहे. कधी तिकडे गेला नाहीत, एक दाणा कधी घरी आला नाही, म्हणून विवरणात लिहिलं नाही. पंधरा वर्षांनी रस्ता रुंदीकरणात ती जमीन जाते, मोबदला खात्यात जमा होतो, आणि मग "ही मालमत्ता पूर्वी का दाखवली नाही" असं पत्र येतं. काका-आत्यांना फोन करा आणि उतारे मागवा. हिस्सा ठरलेला नसेल तर "सामायिक, अविभक्त" असं लिहा. सराफ्यामागच्या जुन्या वाड्यातल्या दोन खोल्यांनाही हेच लागू.

३. मालमत्ता घेण्याआधी कळवा

अचल संपत्तीचं वार्षिक विवरण जानेवारीत द्यायचं असतं, शेवटची तारीख 31 जानेवारी. मागच्या वर्षीचं जसंच्या तसं उतरवून काढू नका. वर्षभरात काही घेतलं-विकलं असेल ते त्यात यायला हवं.

वार्षिक विवरणात दाखवलं म्हणजे झालं असं लोक समजतात. स्थावर व्यवहार आधी कळवायचा असतो. बायपासकडच्या कॉलनीत फ्लॅट पसंत पडला, बिल्डर म्हणतो उद्या रेट वाढणार, आपण बयाणा देऊन मोकळे होतो आणि रजिस्ट्री झाल्यावर ऑफिसला सांगतो. हा क्रम उलटा आहे. बयाण्याच्या आधी अर्ज टाका, त्यात रक्कम, विकणाऱ्याचं नाव आणि पैशाचा स्रोत लिहा: बचत किती, बँकेचं कर्ज किती, सासऱ्यांकडून उसने किती.

विकणाऱ्याचं काम तुमच्या कार्यालयात असेल तर नुसतं कळवणं पुरत नाही, पूर्वपरवानगी लागते. ज्या कॉलनायझरच्या डायव्हर्शनची (जमीन बिनशेती करण्याची) नस्ती, म्हणजे फाइल, तुमच्या टेबलावर आहे त्याच्या कॉलनीत प्लॉट घेणं, अगदी बाजारभावाने पांढऱ्या पैशात, म्हणजे आयती तक्रार लिहून दिल्यासारखं. माझं मत विचाराल तर परवानगी मिळत असली तरी दुसरी कॉलनी बघा. इंदुरात कॉलन्यांचा तोटा नाही.

गाडी, दागिने, शेअर या जंगम गोष्टींनाही मर्यादा आहे. केंद्रात मूळ वेतनाच्या दुपटीपेक्षा मोठा व्यवहार असेल तर महिन्याभरात कळवावं लागतं. राज्यातला आकडा स्थापना शाखेत विचारून फाइलच्या आतल्या पुठ्ठ्यावर लिहून ठेवा.

४. भेटवस्तू, जेवणं आणि "सहज आणलंय"

हा भाग जरा सावकाश वाचा, कारण नवा माणूस इथेच सापडतो.

दिवाळीच्या आठवड्यात तुम्ही ऑफिसात असताना घरी एक माणूस येतो. दारात आई. "साहेबांना सांगा, अमुकतमुक येऊन गेले." सुक्या मेव्याचा डबा, वर शुभेच्छापत्र. आईच्या दृष्टीने आलेल्याला हात हलवत परत पाठवणं हा उद्धटपणा. संध्याकाळी तुम्ही डबा उघडता तेव्हा काजूच्या थराखाली चांदीचं नाणं निघतं. आता परत करायला जावं तर "अहो साहेब, घरच्यांनी घेतलं, आता काय परत करता" हे ऐकावं लागणार.

म्हणून घरच्यांशी बोलणं ही पहिली पायरी. वाक्य ठरवून द्या: "ते घरी काही घेत नाहीत, ऑफिसात भेटा." एवढंच, हसून. कुणी डबा दारात ठेवून गेलाच तर त्याच दिवशी कुणाच्या तरी हाती परत पाठवा, पोच घ्या, आणि दुसऱ्या दिवशी वरिष्ठांना दोन ओळींचं टिपण द्या की अमक्याने अमुक वस्तू घरी पाठवली होती, ती परत केली. पहिल्या दिवाळीला हे दोनदा केलंत की तिसऱ्या वेळी कुणी येत नाही. ठेकेदारांच्या जगात बातमी लवकर पसरते.

नियम काय म्हणतो? केंद्रात 2019 पासून गट अ आणि ब ला 5,000 रुपयांवरची भेट मंजुरीशिवाय घेता येत नाही, गट क ला 2,000 वरची. लग्न, वाढदिवस, धार्मिक कार्य अशा रूढीच्या प्रसंगी जवळच्या नातेवाइकांसाठी मर्यादा मोठ्या आहेत, आणि त्या ओलांडल्या तर कळवायचं असतं. मित्रालाही ही सवलत आहे, पण त्याचं तुमच्याकडे सरकारी काम नसेल तरच. राज्याच्या मर्यादा वेगळ्या, आपल्या विभागातून ताज्या परिपत्रकाची प्रत मागा. भेटीत फुकटचा प्रवास, फुकटचं राहणं-जेवण हेही मोजलं जातं. सहज मिळालेली लिफ्ट किंवा एखादं साधं जेवण मोजलं जात नाही. पण ज्याच्याशी सरकारी व्यवहार आहे त्याच्याकडून थाटाचा किंवा वारंवारचा पाहुणचार घ्यायचा नाही.

आपल्या शहरात ही "वारंवार"वाली अट जास्त लागते. रात्री सराफ्यात भुट्ट्याचा कीस आणि गराडू खाऊन बिल द्यायला वळावं तर कुणीतरी आधीच देऊन टाकलेलं असतं. पाठीवर थाप, "अरे भिया, छोड़ो ना यार." एकदा झालं तर त्यात काही नाही. दर शनिवारी होऊ लागलं की तुम्ही त्याच्या खात्यावर जेवताय. सोपा उपाय: आधी पैसे देऊन टोकन घ्या, मग उभे राहा.

घरातल्या लग्नामुंजीचं तर आपल्याकडे सोयीस्कर आहे. पत्रिकेवर "कृपया आहेर आणू नये" ही ओळ छापलीत की अर्धा प्रश्न मिटतो. जे आहेर येतातच त्यांची वही काकू ठेवतच असतात, फक्त नावासमोर नातं आणि अंदाजे किंमत लिहायला सांगा. अशी वही चौकशीत कामाला आलेली मी बघितली आहे. सोन्याच्या बांगड्यांचा प्रश्न निघाला तेव्हा "आत्या, पुणे, 12 ग्रॅम" एवढी ओळ दाखवल्यावर तो मुद्दा तिथेच सुटला.

५. तोंडी आदेश आला तर

वरिष्ठांचा आदेश सामान्यतः लेखी असावा, तोंडी द्यावाच लागला तर वरिष्ठांनी लगेच लेखी पुष्टी द्यावी, आणि ज्याला आदेश मिळाला त्याने लवकरात लवकर पुष्टी मागावी. हे केंद्राच्या नियम 3 मध्येच आहे. पुष्टी मागणं आगाऊपणाचं नाही, ते तुमचं कर्तव्य म्हणूनच लिहिलेलं आहे. नव्यांना हे कुणी सांगत नाही.

अडचण ती मागण्याच्या भाषेची. "सर, लिहून द्या" असं तोंडावर म्हणालात तर परिवीक्षेच्या काळात वर्षभर दगड खाल. नोटशीटवर शांतपणे लिहा: "दिनांक … को दूरभाष पर प्राप्त निर्देशानुसार कार्यवाही प्रस्तावित है। नस्ती पुष्टि हेतु प्रस्तुत।" खाली सही, तारीख. यात आरोप नाही, तक्रार नाही. साहेबांचा आदेश नियमात असेल तर ते सही करतील. नसेल तर फाइल त्यांच्याच टेबलावर पडून राहील, किंवा "चर्चा करें" लिहून परत येईल. "चर्चा करें" आलं तर चर्चा करा आणि चर्चेत काय ठरलं ते पुन्हा खाली लिहा.

मागच्या तारखेची सही करायला सांगितलं तर नाही म्हणा. यात मधला रस्ता नसतो. "आवक रजिस्टरमध्ये आजची नोंद आहे सर" हे पुरेसं कारण आहे, आणि ते खरंही असतं.

६. ओळखीच्या माणसाचं काम

इंदूरचा मराठी समाज काही फार मोठा नाही. रामबाग, लोकमान्य नगर, सुदामा नगर, सगळीकडे कुणाची तरी वहिनी कुणाची तरी मामेबहीण लागते. तुम्ही तहसीलमध्ये लागलात हे कळायचा अवकाश, नामांतरणाची (जमिनीवर नाव चढवण्याची) प्रकरणं घेऊन लोक चहाला यायला लागतात.

माहिती द्या: कुठला अर्ज, कुठली खिडकी, किती दिवस. ती कुणालाही द्यायचीच असते. फाइल मात्र रांगेतून काढू नका. जवळच्या नातेवाइकाचं प्रकरण तुमच्याकडे निर्णयाला आलं तर नात्याचा उल्लेख करून ते दुसऱ्या अधिकाऱ्याकडे देण्याची विनंती लिहा. निर्णय बरोबर दिला तरी तुम्ही तो द्यायला नको होता, हा आक्षेप उरतोच.

उलट बाजूही ध्यानात असू द्या. स्वतःच्या बदलीसाठी आमदारांचं पत्र आणणं सर्रास चालतं म्हणून ते नियमात बसत नाही. केंद्रात नियम 20 थेट यासाठीच आहे. गंमत म्हणजे ते पत्र तुमच्या फाइलला लागून कायमचं राहतं.

७. उशीर हाही गैरवर्तनात मोजला जातो

पैसे न खाता फाइल दाबून बसणारी माणसं स्वतःला सज्जन समजतात. अर्जदाराला त्याचा काय उपयोग? मध्य प्रदेशचा लोक सेवा गारंटी कायदा 2010 चा, देशातला असा पहिला. अधिसूचित सेवेला ठरलेल्या मुदतीपेक्षा विनाकारण उशीर केला तर दिवसाला 250 रुपये, जास्तीत जास्त 5,000 दंड, पदाभिहित अधिकाऱ्याच्या (ती सेवा द्यायला नेमलेल्या अधिकाऱ्याच्या) खिशातून. माहितीच्या अधिकारात 30 दिवसांची मुदत आणि दिवसाला 250 प्रमाणे 25,000 पर्यंत दंड. तिथे एक छुपा सापळा आहे. लोक सूचना अधिकाऱ्याने (माहिती द्यायला नेमलेल्या अधिकाऱ्याने) तुमच्याकडे लेखी मदत मागितली आणि तुम्ही कागद दडपून बसलात, तर दंडासाठी तुम्हालाच लोक सूचना अधिकारी मानता येतं.

सीएम हेल्पलाइन 181 ची तक्रार एल-1 या सर्वांत खालच्या पातळीच्या अधिकाऱ्यापासून एल-4 पर्यंत चढत जाते. ती चढू नये म्हणून तक्रारदाराला फोन करकरून "संतुष्ट हूँ" बोलवून घ्यायची पद्धत तुम्हाला कुणीतरी शिकवेल. शिकू नका. काम नियमात बसत नसेल तर तसं कारणासकट उत्तर टाका. मंगळवारच्या जनसुनवाईत तोच माणूस कलेक्टरसमोर उभा राहिला की ते उत्तरच उपयोगी पडतं.

८. मंडळ, क्लास, एजन्सी, फेसबुक

गणेशोत्सव मंडळाचं काम करा, नाटकात काम करा, कविता लिहा. अधूनमधूनच्या साहित्य-कलेच्या कामाला आडकाठी नाही. पण पावतीपुस्तक हातात घेऊन दुकानांत वर्गणी मागायला जाऊ नका. परवानगीशिवाय निधी गोळा करण्यात भाग घ्यायची मनाई आहे. ज्या दुकानदाराचं लायसन्स तुमच्या खात्याकडे आहे तो 501 ऐवजी 5,001 ची पावती फाडतो, हे काही गणपतीवरच्या भक्तीने नव्हे. झांकीच्या नियोजनात राहा, खजिनदारकी दुसऱ्याला द्या.

भंवरकुआंच्या क्लासमध्ये संध्याकाळी शिकवायचं असेल तर आधी परवानगी. बायकोच्या नावाने विमा एजन्सी असेल तर ती तिने चालवावी, तुम्ही सहकाऱ्यांना पॉलिसी विकत फिरायचं नाही. पक्षाच्या सभेची पोस्ट पुढे ढकलणं, शासनाच्या धोरणावर स्टेटस टाकणं, ऑफिसचा कागद ग्रुपवर टाकणं, तिन्ही बंद. स्क्रीनशॉट काढणारा बहुतेक वेळा शेजारच्या टेबलावरच बसलेला असतो.

९. पाकीट समोर आलं तर

2018 च्या दुरुस्तीनंतर भ्रष्टाचार निवारण अधिनियमाच्या कलम 7 ला, म्हणजे लाच घेण्याला, किमान 3 आणि कमाल 7 वर्षं शिक्षा आणि दंड आहे. कायदा "अनुचित लाभ" म्हणतो, म्हणजे नोटाच हव्यात असं नाही, आणि स्वतः घेतला की दुसऱ्यामार्फत याने फरक पडत नाही.

नव्याला सहसा थेट पैसे देऊ करत नाहीत. त्याला सांगतात, "हे जरा साहेबांच्या ड्रॉवरमध्ये ठेव." लोकायुक्तांच्या विशेष पोलीस स्थापनेच्या (लाच घेणाऱ्यांना पकडणाऱ्या पोलिसांच्या) ट्रॅपमध्ये नोटांना फिनॉल्फथेलिनची पूड लावलेली असते. हात सोडियम कार्बोनेटच्या पाण्यात बुडवले की पाणी गुलाबी होतं, आणि हात ज्याचे आधी बुडतात तो पोचवणारा असतो. आवक शाखेच्या वाटेने न आलेलं कुणाचंही बंद पाकीट हातात घेऊ नका, मग ते कितीही जवळच्या माणसाने दिलेलं असो.

कुणी टेबलावर पाकीट टाकून निघाला तर त्याला हात लावू नका. मोठ्याने हाक मारा, शेजारच्या दोघांना जवळ बोलवा, त्यांच्यासमोर त्यालाच उचलायला लावा आणि तासाभरात वरिष्ठांना लेखी कळवा. तो निघून गेला असेल तर पाकीट तिथेच असू द्या आणि वरिष्ठांना जागेवर बोलवा. देणाराही कलम 8 खाली गुन्हेगार ठरतो. ज्याला जबरदस्तीने द्यावं लागलं त्याने 7 दिवसांत तक्रार केली तर तो सुटतो. म्हणजे आज तुमच्या साहेबांना मुकाट देऊन गेलेला माणूस परवा लोकायुक्तांकडे बसलेला असू शकतो.

शाखेत महिनाअखेरीला "वाटणी" होत असेल तर पहिल्याच महिन्यात नाही म्हणा. भाषण देऊ नका, "मला नको" एवढं पुरे. तुमच्यावर थोडे दिवस बहिष्कार पडेल, चहाला बोलावणार नाहीत. डबा घरून न्या.

१०. नोटीस आलीच तर

कारण बताओ सूचना आली की लोक एकतर साहेबांच्या घरी धावतात नाहीतर नोटीस खिशात घालून गप्प बसतात. दोन्ही नको. नोटीस मिळाल्याची तारीख तिच्यावरच लिहा. ज्या कागदांचा तिच्यात उल्लेख आहे त्यांच्या प्रती लेखी मागा, आणि प्रतींना वेळ लागणार असेल तर मुदत संपायच्या आधी मुदतवाढीचा अर्ज टाका. उत्तर मुद्देवार, रागाशिवाय, जोडपत्रांना क्रमांक देऊन. निलंबन ही शिक्षा नसते, त्यामुळे त्या आदेशाने खचून कबुलीजबाबासारखं काही लिहून देऊ नका. अटक होऊन 48 तासांपेक्षा जास्त कोठडी झाली तर मात्र निलंबन आपोआप मानलं जातं, आणि अटकेची माहिती कार्यालयाला स्वतःहून द्यावी लागते. पुढची चौकशी मध्य प्रदेशात 1966 च्या वर्गीकरण, नियंत्रण आणि अपील नियमांप्रमाणे चालते. तिच्यात बचाव सहायक मागण्याचा तुम्हाला हक्क आहे, तो पहिल्याच तारखेला मागा. उत्तर आवक शाखेत द्या, साहेबांच्या हातात नाही, आणि तुमच्या प्रतीवर शिक्का, क्रमांक आणि तारीख पडल्याशिवाय खिडकीवरून हलू नका.